छाटलेला प्रश्न

अंबड,
८ जुलै २०२५

प्रिय बेबी,

सलाम. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, कारण घरात मयत झाली. आमच्या सबीहाचा नवरा अतीक गेला. सकाळी दुकानाचं शटर वर करताना खाली बसला तो उठलाच नाही. वय छत्तीस. सबीहाला तू लहानपणी पाहिलं आहेस. माझी बहीण गेल्यावर ती माझ्याच घरात वाढली आणि माझ्या टेबलाखाली बसून मुलांच्या वह्या लाल पेन्सिलीने खराब करायची. तीच.

आता ती वडीगोद्रीला सासरी इद्दतीत आहे. विधवेने चार महिने दहा दिवस घरात राहायचं, नटायचं नाही, दुसऱ्या लग्नाचं बोलायचं नाही. हे तुला शाळेत असताना एकदा सांगितल्याचं आठवतं. यात एक अडचण उभी राहिली आहे. अतीक जायच्या आधी तिने आष्टीच्या उर्दू शाळेत मुलाखत दिली होती आणि तिची निवड झाली आहे. एकतीस जुलैपर्यंत स्वतः जाऊन रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

माझ्या घरी दर शनिवारी बायकांचा दर्स, म्हणजे धर्माचा पाठ, असतो हे तुला माहीत आहे. मौलाना फसीहुद्दीन पडद्यापलीकडे बसतात, बायका अलीकडे. परपुरुषासमोर आवाज काढायला बायका लाजतात, म्हणून त्यांचे प्रश्न मी मोठ्याने विचारते. पस्तीस वर्षं वर्गात ओरडून माझा आवाज लाजायचा विसरला आहे. सबीहाने फोनवर मला तिचा प्रश्न सांगितला तो पंधरा मिनिटांचा होता. शाळा अशी, हेडमास्तर असे, जायचं कसं, यायचं कसं, मधेच रडणं. मी तो कापून एका वाक्यात आणला: "इद्दतीत असलेल्या बाईने नोकरीला जाणं जायज आहे का?" मौलानांनीही एका शब्दात उत्तर दिलं, नाही.

सबीहाने ते ऐकून घेतलं आणि मग मला, आपल्या मावशीला, म्हणाली, "खाला, हा माणूस गरिबाच्या सलामाला नुसती मान हलवतो आणि माझ्या सासऱ्यांच्या सलामाला उठून उभा राहतो. याचं मी का ऐकायचं?" तिचे सासरे गफ्फारसेठ वडीगोद्रीला मौलानांच्याच मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष आहेत, आणि सून कमावती होऊन आष्टीला बिऱ्हाड करेल हे त्यांना नको आहे, हे मलाही कळतं. मौलानांचा स्वभाव मलाही आवडत नाही. बांग देणाऱ्या म्हाताऱ्याला ते ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत मी शिपायालाही बोलले नाही.

पण मी तिला स्पष्ट सांगितलं. डॉक्टर सिगारेट ओढतो म्हणून त्याचं औषध आपण फेकत नाही. कॉन्व्हेंटमध्ये आमची सिस्टर बर्नाडेट पट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर मारायची, बाई दुष्ट होती, पण तिने शिकवलेलं एकही वाक्य आजवर चुकलेलं नाही. आलिमाकडून, धर्म शिकलेल्या माणसाकडून, इल्म म्हणजे ज्ञान घ्यायचं, त्याचा स्वभाव त्याच्यापाशी. सबीहा बरं म्हणाली. नोकरी दुसरी मिळेल. माझ्या हाताखाली वाढलेली मुलगी चार बायकांनी बोटं दाखवावीत अशी वागणार नाही, याचं मला समाधान आहे.

तुझे कान कसे आहेत? मशीन लाव. शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवू नकोस. तू फोनवर ऐकू शकत नाहीस म्हणून या वयात मला पोस्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

तुझी,
नुजहत

*

भोकरदन,
१४ जुलै २०२५

प्रिय नुजहत,

सप्रेम जयभीम. अतीकचं वाचून हात थांबला. सबीहाला मी चार वर्षांची पाहिली होती, आता विधवा म्हणून तिचं नाव लिहिताना कसंतरी होतं. तिला माझा आशीर्वाद सांग. मशीन लावून बसले आहे, शिट्टी चालू आहे. तुला ऐकू येत नाही एवढंच.

आमचे हे, राजानंद, म्हणतात, नुजहत मॅडमनी मुलीचं रडणंसुद्धा कापून एका ओळीत बसवलं असेल. तू रागावू नकोस, ते तुझ्याबरोबर एकाच शाळेत नोकरी करून निवृत्त झालेत, त्यांना तेवढा हक्क आहे.

एक मात्र मला मनापासून सांगायचं आहे. सबीहाचं तुझ्या मौलानांबद्दल मत वाईट आहे, पण माझं चांगलं आहे. त्यांची मुलगी इथे भोकरदनला दिलेली होती. जानेवारीत तिचा नवरा मोटरसायकलवरून पडून गेला, सगळं गाव मातीला गेलं होतं. ती पोर बी.एड. करत होती आणि तिचे सरावपाठ आमच्या प्रीतीच्या शाळेत लागले होते. सुनबाई मुख्याध्यापिका झाल्यापासून मी कधी कधी डबा घेऊन शाळेत जाते, तेव्हा मी तिला पाहिलं आहे. काळा बुरखा, खाली मान, पण पाठ इतका छान घ्यायची की मुलं हालायची नाहीत. आणि तिचे वडील, म्हणजे तुझे मौलाना, स्वतः रिक्षात घालून तिला आणायचे. पाठ संपेपर्यंत गेटबाहेर लिंबाखाली उभे राहायचे. फेब्रुवारीतलं ऊन तुला माहीत आहे. एवढा मोठा माणूस, पण मुलीने स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून ताटकळत होता. मला माझे वडील आठवले. ते मजुरी करायचे, पण मला डी.एड.च्या वसतिगृहात सोडायला भोकरदनहून सायकलवर आले होते.

म्हणून तुझं पत्र वाचून मला वाटलं, सबीहाचा निरोप त्यांच्यापर्यंत नीट पोचला नसेल. ते मायाळू गृहस्थ आहेत. एकदा परत विचारून बघ.

पाऊस आमच्याकडे बरा आहे. मका गुडघ्याला लागला, मोसंबीला मात्र बहर कमी.

तुझी,
बेबीनंदा

*

अंबड,
१८ जुलै २०२५

बेबीनंदा,

तुझं पत्र मिळालं. तुला चांगलंच म्हणायचं होतं, हे मान्य. पण काय लिहिते आहेस हे तुला कळलं आहे का? तू एका आलिमावर असा आरोप ठेवते आहेस की त्याने लोकांना एक सांगितलं आणि स्वतःच्या घरात दुसरं केलं. तुला बुरख्यातली प्रत्येक मुलगी सारखीच दिसते. दुसरी कुणीतरी असेल. किंवा तिची इद्दत संपलेली असेल. महिने मोजण्यात तू शाळेतही चुकायचीस, हजेरीपट मीच दुरुस्त करायचे.

आमच्या धर्मातले बारकावे बाहेरच्या माणसाला कळत नाहीत, यात त्याचा दोष नसतो, पण मग त्याने बोलू नये. राजानंदना सांग, मी काय कापलं आणि काय ठेवलं याचा हिशेब मी त्यांना देणं लागत नाही.

सबीहाला मी यातलं काहीही सांगणार नाही. तिचं मन आत्ता कुठे बसलं आहे.

नुजहत

*

भोकरदन,
२३ जुलै २०२५

नुजहत,

तुझं पत्र राजानंदना दाखवलं नाही. पत्र आलंच नाही असं समजून त्यांना वाटतं तू आजारी आहेस.

बाहेरचं माणूस म्हणालीस. पस्तीस वर्षं एका डब्यात जेवल्यावर ते वाचायला जड गेलं. ते बाजूला ठेवते, कारण एकतीस तारीख जवळ आहे. प्रीतीने तुला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा तू कापलास, दुसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला. म्हणून लिहिते आहे आणि हे पत्र मिळताच वाच.

मी चुकले नाही. नवरा गेला जानेवारीत, पाठ झाले फेब्रुवारीत. ती इद्दतीत होती का हे मी ठरवत नाही, तुझ्या मौलानांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ते प्रीतीच्या केबिनच्या दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत, नजर खाली. म्हणाले, "मॅडम, बच्ची इद्दत में है. दिन को जरूरत के वास्ते निकलने की इजाजत है, सूरज डूबने के पहले घर पहुँचना. इसका पाठ दोपहर में ही रखो." प्रीतीने तिचे सगळे पाठ दुपारचे ठेवले. मी तिथेच डबा घेऊन बसले होते, आणि तेव्हा माझं मशीन कानातच होतं.

तुझ्या डॉक्टरबद्दल मी दोन दिवस विचार केला. आमच्या विहारात मागे एक वक्ता आला होता. व्यसनमुक्तीवर असा बोलला की बाया रडल्या, आणि संध्याकाळी तो स्वतः पिऊन स्टँडवर पडलेला. तेव्हा राजानंद म्हणाले, "भाषण बराबर होतं, मानूस न्हाई." मी ते भाषण अजूनही खरं मानते. म्हणजे वाईट माणसाच्या तोंडचं सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. सिगारेट ओढणारा डॉक्टर मलाही चालेल. पण एकाच दुखण्याला स्वतःच्या मुलीला एक औषध आणि तुझ्या मुलीला दुसरं देणारा डॉक्टर असेल, तर नुजहत, ती त्याची खासगी सवय कशी? ती त्याच्या औषधातच आली ना?

आणि माझ्या अडाणी डोक्याला असं वाटतं की त्या माणसाचं वागणं बरोबर होतं. सांगणंच चुकलं. तू नेमकं उलटं धरून बसली आहेस.

सबीहाला एकदाच जायचं आहे ना? एका दिवसात, उजेडी?

बेबीनंदा

*

अंबड,
६ ऑगस्ट २०२५

प्रिय बेबी,

तुझं पत्र सव्वीस तारखेला आलं. मी ते फोडलं नाही. पाकिटावरचं तुझं अक्षर पाहिलं आणि घड्याळामागे ठेवून दिलं. मला वाटलं, माफी मागितली असेल, मागू दे आणखी दोन पत्रं. प्रीतीचा फोन मीच कापला होता. पाच दिवस त्या घड्याळात मी वेळ पाहत होते आणि मागे तुझं पत्र होतं. शुक्रवारी, एक तारखेला, घड्याळ पुसताना ते खाली पडलं तेव्हा वाचलं.

मी खुर्चीत बसून राहिले. कॉन्व्हेंटमध्ये चूक झाली की सिस्टर आम्हाला वर्गाकडे तोंड करून उभं करायची. तेव्हा मी रडत नसे. शुक्रवारी घरात कुणी नव्हतं आणि तरी मला भिंतीकडे तोंड करावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बायका आल्या, मौलाना पडद्यापलीकडे बसले. ते नेहमीचं बोलले, विधवेवर दया करण्याबद्दलच बोलले, आणि आवाज किती गोड आहे हे तुला सांगून खरं वाटणार नाही. बायका डोळे पुसत होत्या. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी विचारलं की इद्दतीतली बाई गरजेसाठी दिवसा बाहेर जाऊन सूर्य बुडायच्या आत परत आली तर ते जायज आहे का.

मग ते म्हणाले, गरज खरी असेल तर आहे.

मी म्हटलं, मग जुलैत नाही का म्हणालात?

"मोहतरमा," ते म्हणाले, "तुम्ही नोकरीचं विचारलं होतं. नोकरी रोजची असते. मी नोकरीचं उत्तर दिलं."

बेबी, तो माणूस त्या एका गोष्टीत खरं बोलत होता. प्रश्न मी विचारला होता. सबीहाने मला फोनवर काय सांगितलं होतं ते मला त्या क्षणी शब्दन् शब्द आठवलं. हेडमास्तर चांगले आहेत, एकदा येऊन सही कर म्हणतात, मग ऑक्टोबरपर्यंत बिनपगारी रजा देतात. सकाळी निघून चारच्या आत परत येता येतं. हे सगळं तिने सांगितलं होतं. मीच ते पाल्हाळ म्हणून कापलं होतं.

तरी मी गप्प बसले नाही. ते रोज रात्री गफ्फारसेठच्या ओट्यावर बसतात, आष्टीच्या नोकरीचा शब्दन् शब्द त्यांना माहीत होता. मी न विचारलेलं त्यांना ठाऊक होतं, आणि भोकरदनला केबिनच्या दाराशी उभं राहून त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगितलंही होतं. मी हे सगळं बोलले. बायका माझ्याकडे अशा पाहत होत्या की जणू मी पडदाच ओढून काढला.

मौलानांचा आवाज पहिल्यांदाच खरबरीत झाला. म्हणाले, आलिमाचं सांगणं घ्यावं, त्याच्या घरात डोकावू नये.

मी म्हटलं, "मौलाना, तुमच्या घरात होतं तेच दीन, तोच खरा धर्म होता. आम्हाला ओट्यावरचं मिळालं."

ते उठून गेले. चहा तसाच राहिला. जाताना दोन बायकांनी माझा हात दाबला. दुसऱ्यांच्या चांगुलपणाचा ज्या हिशेब ठेवतात त्या बाकीच्या माझ्या अंगावरून अशा गेल्या की मी दारातली चप्पल. पुढचा दर्स आता माझ्याकडे नाही, असं काल कळलं. माझ्या बोलण्याची तुला सवय आहे, तुला वाटेल मी जिंकून आले. शनिवारी रात्रीपर्यंत मलाही थोडं तसं वाटत होतं.

रविवारी वडीगोद्रीला गेले. सबीहाला सगळं सांगितलं, तुझं पत्र, घड्याळ, कापलेला फोन, काही राखलं नाही. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "उद्या सोमवार आहे ना? शाळा उघडी असेल." मी म्हटलं, तारीख गेली. ती म्हणाली, जाऊन बघू.

सकाळी निघताना गफ्फारसेठ ओट्यावर होते. कुठे म्हणून विचारलं. सबीहा बुरख्याच्या आतून अगदी अदबीने म्हणाली, "मौलानांच्या घरी जसं चालतं तसंच करून राह्यले, अब्बा. सूरज बुडायच्या आत येते." शनिवारची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असावी, कारण ते उठून आत गेले.

आष्टीच्या हेडमास्तरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. यादीतली पुढची मुलगी एक तारखेला सकाळीच रुजू झाली होती. शेजारच्या वर्गातून तिचा आवाज येत होता, अलिफ बे म्हणून घेत होती. हेडमास्तर म्हणाले, एकतीसला पाच वाजेपर्यंत मी रजिस्टर उघडं ठेवलं होतं. त्यांनी हे आमच्यावर उपकार दाखवायला सांगितलं नाही, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मी खाली फरशीकडे पाहत होते. सबीहाने त्यांचे आभार मानले आणि निघताना त्या वर्गाच्या दारात क्षणभर थांबली. फळ्यावरचं अक्षर चांगलं आहे म्हणाली.

परतीच्या जीपमध्ये ती दर थोड्या वेळाने काचेतून सूर्य कुठे आहे ते पाहत होती. गेलेल्या नोकरीसाठी बाहेर पडलेली मुलगी, तरी वेळ पाळत होती. त्याच मौलानांनी सांगितलेली वेळ.

मी म्हटलं, त्या माणसाचं आपण ऐकायला नको होतं.

"त्याचं मी ऐकलंच नव्हतं, खाला," ती म्हणाली. "तो कसा आहे हे मला माहीत होतं. मी तुमचं ऐकलं. तुम्ही कशा आहात हे पण मला माहीत होतं ना."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं, त्यात माझा हात कुणी धरत नाही. मी आलिमाचा स्वभाव आणि आलिमाचं इल्म वेगळं काढून दाखवत होते, आणि ही मुलगी माझ्याकडे पाहून वागत होती. वह्या तपासताना टेबलाखाली बसायची, तेव्हापासून.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ऑक्टोबरनंतर काय करायचं, ते मला तुम्हाला विचारायचं आहे." माझ्या तोंडाशी आलं होतं, थोडक्यात सांग. मी ओठ दाबले आणि म्हटलं, सगळं सांग, लांबलं तरी लांबू दे.

ती बोलायला लागली. लेकराच्या शाळेचं, सासूच्या गुडघ्याचं, अतीकच्या दुकानाचं, मधेच त्याच्या एका सदऱ्याचं, जो अजून खुंटीवर आहे, मग पुन्हा शाळेचं. मधे रडली, पुन्हा सुरू झाली. वडीगोद्रीचा फाटा आला तेव्हा ऊन शेतांवर लांब पडलेलं होतं आणि तिचा प्रश्न अजून संपलेला नव्हता. मी त्यातला एक शब्दही कापला नाही.

तुझी माफी मागायला फोन केला तर तुला ऐकू जाणार नाही. म्हणून येत्या रविवारी भोकरदनच्या बसमध्ये बसते आहे. राजानंदना सांग, त्यांना जे म्हणायचं असेल ते त्यांनी पूर्ण म्हणावं, मी मधे बोलणार नाही.

तुझी,
नुजहत